लाल ठिपके, निळ्या रेघा

आमच्या घरात देवघरापेक्षा मोठं एक टेबल होतं आणि देवांपेक्षा जास्त वस्ती त्या टेबलावर होती. टेलिफोनच्या सुट्या घंट्या, काळे जड रिसीव्हर, तांब्याच्या तारेची भेंडोळी, पक्कड, पेचकस, कुठल्या तरी यंत्रातून निघालेले आणि परत कुठेच न बसणारे स्क्रू. माय त्याला उकिरडा म्हणायची. पाहुणे येणार असले की ती त्यावर जुनं लुगडं पांघरायची, आणि पाहुणे बसले रे बसले की अण्णा ते स्वतःच्या हातानं काढायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. औरंगाबादच्या तारघरात तारमास्तर होते. मूळ घर सोयगावकडचं, शेतीवाडी असलेलं. भावकीतले सगळे बैलांमागे गेले, हे एकटे तारेमागे आले. पोलीस ॲक्शननंतर निझामाच्या कचेऱ्यांतलं बरंच सामान मोडीत निघालं होतं. त्यातले टेलिफोन हात बदलत बदलत वर्षानुवर्षं छावणीच्या बाजारात येत राहिले. लष्कराच्या टाकाऊ बुटांच्या आणि घमेल्यांच्या ढिगात ते पडलेले असायचे. आम्ही छावणीतच भाड्यानं राहत होतो, त्यामुळे बाजाराच्या दिवशी अण्णा आणि मी पिशवी घेऊन निघालो की मायला कळायचं, भाजी काही येत नाही.

टेलिफोन पहिल्यांदा उघडला तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. बाजूला हँडल असलेला, लाकडी पेटीचा. अण्णांनी त्याच्या दोन तारा माझ्या हातात दिल्या, "घट्ट धर" म्हणाले आणि हँडल फिरवलं. जो झटका बसला त्यानं मी टेबलाखाली जाऊन पडले. माय ओरडत धावत आली. अण्णा पोट धरून हसत होते. मी उठले आणि म्हणाले, "आता तुम्ही धरा." त्यांनी धरल्या. मी दात-ओठ खाऊन हँडल फिरवलं. त्या दिवसापासून आम्ही दोघं एका पक्षात.

त्यांनी मला सगळं शिकवलं. बोलायच्या डबीत कोळशाचे बारीक दाणे असतात, ते ओल धरून चिकटले की आवाज बसतो. ते काढून उन्हात वाळवायचे. घंटीचा आवाज फुटका आला तर घंटी नाही, तिचा हातोडा बघायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम बिघाड शोधायचा. "आधी आपल्या टोकापासनं बघायचं," ते म्हणायचे. "आपलं टोक चांगलं निघालं तर मग तार. तार चांगली निघाली तर मगच समोरच्याला दोष द्यायचा. उगं कुणावर आळ घ्यायचा नाय." घरी कुणी आलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "ही माझी पोरगी नाय, माझी मेकॅनिक हाय." मी मान खाली घालून पक्कड शोधल्याचं नाटक करायचे आणि मनातल्या मनात फुगायचे.

मॅट्रिक झाले त्या वर्षी तारघरात जागा निघणार असल्याची बातमी अण्णांनीच घरी आणली. सहज, चहा पिता पिता. मुलींनाही अर्ज करता येणार होता. परीक्षा तारेची, देण्याची आणि घेण्याची. मी म्हणाले, "मी बसते."

अण्णा बशीत चहा ओतत होते. ओतणं संपलं तरी बशीकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "बघू."

मला वाटलं, झालं, नाही म्हणायच्या आधीचं हे 'बघू'. तारघरात रातपाळी असते, मुलगी रातपाळीला बसली तर भावकी काय म्हणेल, हे सगळं मलाही कळत होतं. मी भांडायची तयारी करून ठेवली होती. दोन दिवस न जेवायचं असंही ठरवून टाकलं होतं. त्याची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा कामावरून आले ते पुठ्ठ्याचा मोठा तक्ता घेऊन. एकेक अक्षर, आणि त्याच्यापुढं त्याची तारेची खूण. ठिपके लाल शाईत, रेघा निळ्या. अण्णांचं अक्षर मोत्यासारखं, आणि त्या तक्त्यावर त्यांनी जीव ओतला होता. कडेनं बारीक वेलबुट्टी काढली होती. मी त्यांच्या गळ्यातच पडले. एवढा आनंद मला नंतर लग्नातही झाला नाही, पोरं झाली तेव्हाही नाही. ही गोष्ट मी माझ्या मुलांदेखतही सांगते.

तक्ता भिंतीवर लागला. टेबलावरचा पसारा एका बाजूला सारून तिथं तारेची किल्ली आणि साउंडर आला. किल्ली म्हणजे बोटानं दाबायची पितळी दांडी. साउंडर म्हणजे ती दाबली की कट्ट-कड्ड वाजणारं यंत्र. ठिपका झटकन, रेघ जरा रेंगाळून. आवाज मोठा यावा म्हणून अण्णांनी त्यामागं सिगारेटचा रिकामा पत्र्याचा डबा उभा केला. तारघरातही असंच करतात, म्हणाले. मला वाटलं, मी आत्ताच तारघरात बसलेय.

रोज संध्याकाळी शिकवणी. "तक्ता पाठ कर. डोळं मिटलं तरी दिसला पायजे," ते सांगायचे. मी तक्ता असा घोकला की भाकरी थापतानाही हाताखाली ठिपके दिसायला लागले. तार द्यायला मी लवकर शिकले. माझा हात चांगला होता, हे अण्णाही म्हणायचे आणि खरंच होतं. टेबलावर इतकी वर्षं घालवलेली, बोटं तयारच होती. घेण्याचं मात्र काही केल्या जमेना. अण्णा किल्लीवर एकेक खूण लांबवून, सावकाश वाजवायचे. मी ऐकायचे, मनात मोजायचे, तक्ता डोळ्यासमोर आणायचे, अक्षर लिहायचे. सावकाश असलं की सगळं बरोबर यायचं. अण्णांनी जरा वेग वाढवला की माझी धांदल. एक अक्षर मोजेपर्यंत पुढचं वाजून गेलेलं असायचं.

"जास्त घोकू का?" मी विचारायचे.

"घोक की."

मी आणखी घोकायचे. वेग तिथंच. परीक्षेला लागणारा वेग समोर दिसत होता आणि मी त्याच्या अलीकडच्या पायरीवर बसकण मारलेल्या म्हशीसारखी हलत नव्हते. एकदा वैतागून मी किल्ली ढकलून दिली आणि रडले. अण्णांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "बुद्धीत कमी नाय तू. तुझा कान जरा जड हाय. असतंय एकेकाचं. त्याला काय करावं?"

ते इतक्या मायेनं म्हणाले की मला ते पटलं. आपल्या टोकापासून बघायचा नियमच होता ना. बिघाड माझ्याच टोकाला निघाला. मायनं लसूण घालून तेल कोमट केलं आणि महिनाभर रोज माझ्या दोन्ही कानांत ओतलं. मी कुशीवर पडून राहायचे, कानात तेल गुरगुरायचं आणि मी देवाला म्हणायचे, एवढा कान मोकळा कर. अण्णा शेजारच्या खोलीत पेपर वाचत असायचे. तेलाचा वास त्यांनाही येत असेलच.

परीक्षा तारघरातच झाली. घ्यायला बाहेरगावचे साहेब आले होते. तार देण्यात मी कुठंच अडले नाही, साहेबांनी मान डोलावली. मग साउंडर सुरू झाला आणि मी मोजायला लागले. आमच्या घरच्या साउंडरसारखा तो वाजतच नव्हता. अक्षरं सलग, गच्च, एका दमात. मोकळी जागा फक्त दोन अक्षरांच्या मधे. मी एक पकडेपर्यंत अख्खा शब्द निघून जायचा. शेवटी माझ्या कागदावर दात पडलेल्या तोंडासारख्या फटी उरल्या होत्या.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली अण्णा उभे होते. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी हातातला पुडा पुढं केला. गरम इमरती. "जाऊ दे बाई," म्हणाले. "खा." मी रडत रडत इमरती खाल्ली. कसा गेला पेपर, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. पुडा त्यांनी आधीच घेऊन ठेवला होता. तेव्हा मला तो लाड वाटला.

त्यानंतर काही दिवसांतच सोयगावचं स्थळ आलं. मंडळी बघायला आली, पोहे झाले, प्रश्न झाले. मुलाची आई माझ्याकडं बघून मोकळेपणानं म्हणाली, "झालं का परीक्षेचं? तुझे वडील उन्हाळ्यातच बोलले व्हते आमच्यापाशी. पोरीची हौस फिटू द्या म्हणले, त्यातनं काय निघत नाय." उन्हाळ्यात मी नुकती तक्ता घोकायला लागले होते. मला काहीतरी टोचलं. पण वडील मुलीविषयी लोकांत कमीपणानं बोलतातच, असं मीच स्वतःला समजावलं आणि ताटल्या उचलल्या.

एक दिवस अण्णा डबा विसरून गेले म्हणून मी तो घेऊन तारघरात गेले. अण्णा कुठं बाहेर गेले होते. आत अण्णांचे जुने सहकारी नव्या पोरांना शिकवत होते. आमच्या घरी ईदचा शिरखुर्मा त्यांच्याकडूनच यायचा, मी त्यांना चाचा म्हणायचे. पोरांना त्यांनी भिंतीकडं तोंड करून बसवलं होतं. समोर कागद नाही, पेन्सिल नाही. चाचा साउंडर वाजवायचे, पोरं तोंडानं तसाच आवाज काढायची आणि मग अक्षराचं नाव घ्यायची. एकानं तळहातावर शाईनं ठिपके-रेघा लिहून आणल्या होत्या. चाचांनी त्याचा हात धरला.

"ये क्या लिख के लाया? जा, धो के आ. आँख से सीखा तो कान मर जाता."

पोरगा नळाकडं पळाला. मला हसू आलं. "चाचा, मी तर तक्त्यावरनंच शिकले," मी म्हणाले.

"किसने सिखाया?"

"अण्णांनी."

चाचा मोठ्यानं हसले. "मजाक करती तू. ये कायदा इधर लाए कौन? तेरे अब्बाच तो लाए. मैं नवा था तो मेरा कागज फाड के सिगडी में डाल दिए थे. बोले, कागज देख के सीखा तो गिनने की आदत लगती. मिनट के दस लफ्ज पे जा के अटक जाता आदमी. फिर उमर भर नै जाती वो आदत."

मग त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडं गेलं. हसणं अर्ध्यावर राहिलं. त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि त्याचं झाकण उगीचच घट्ट करत म्हणाले, "मैं दे देता बेटा. धूप बहुत है, तू घर जा."

मी घरी चालत आले. रस्ताभर माझं डोकं अण्णांनीच शिकवलेल्या नियमानं चाललं होतं. माझं टोक तपासून झालं होतं, तेल घालघालून तपासलं होतं. तार चांगली होती. उरलं समोरचं टोक. लांबवून वाजवलेल्या खुणा, "घोक की", तो जड कान, आधीच आणलेली इमरती, उन्हाळ्यात दिलेला शब्द. एकेक स्क्रू आपापल्या भोकात जाऊन बसला. परक्या माणसानं हे केलं असतं तर मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. इथं माझ्या माणसानं, माझ्याच टेबलावर, केसानं माझा गळा कापला होता, आणि तोही वेलबुट्टी काढून.

अण्णा संध्याकाळी आले. चहा घेतला आणि टेबलाशी बसले. एका टेलिफोनची घंटी बसवत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. "तारघरात नव्या पोरांना तक्ता देत नाहीत म्हणे," मी म्हणाले.

पेचकस थांबला. घंटीवरून त्यांची नजर हलली नाही.

"कान जड आहे का माझा, अण्णा?"

त्यांनी पेचकस खाली ठेवला. आत माय भांडी घासत होती, तिचाही आवाज थांबला.

"नाय," ते म्हणाले. "कान चांगला हाय तुझा."

"मग नाही म्हणायचं होतं. बसू नको म्हणायचं होतं. मी भांडले असते, उपाशी राहिले असते, पण मला कळलं तरी असतं कशानं अडलं ते."

"तुला नाय म्हणवत नव्हतं माझ्यानं," अण्णा म्हणाले. "तुझ्या लग्नाचं भावकीला व्हय म्हणून बसलो व्हतो. अन् तुझं तोंड बघितलं की नाय म्हणवत नव्हतं. मी काय करावं सांग."

त्यांनी खरंच विचारलं, जणू बिघाड सापडत नाही आणि मेकॅनिकनं सांगावा. मी टेबलावरची घंटी उचलली आणि भिंतीवर फेकली. तक्त्याच्या शेजारी लागली. अण्णा उठले, घंटी उचलून आणली, तिला पोचा कुठं पडलाय ते बोटानं चाचपलं आणि पुन्हा कामाला लागले. माय दारात येऊन उभी होती. तिला हे आधी ठाऊक होतं का, ते मी कधीच विचारलं नाही. तिनं ज्या चिकाटीनं तेल ओतलं ते बघता ठाऊक नसावं. असं मी धरून चालते.

पुढचे काही आठवडे मी चाचांकडं गेले. त्यांनी मला पोरांच्या रांगेत भिंतीकडं तोंड करून बसवलं, मनापासून शिकवलं. अण्णांना हे माहीत होतं, ते काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरज नव्हती. साउंडर वाजला की माझ्या मिटल्या डोळ्यांपुढं लाल ठिपके आणि निळ्या रेघा येऊन उभ्या राहायच्या, मोत्यासारख्या, आणि मी मोजायला लागायचे. माझ्यामागून आलेली पोरं पुढं गेली. शेवटी चाचाच म्हणाले, "रहने दे बेटा."

मी लग्नाला उभी राहिले. रुखवतात बाकीच्या मुलींच्या विणलेल्या पिशव्या आणि मण्यांचे मोर असतात. माझ्या रुखवतात अण्णांनी मी दुरुस्त केलेला टेलिफोन मांडला, त्यावर 'कन्येच्या हातचा' अशी चिठ्ठी लावली, त्याच अक्षरात. बायका हँडल फिरवून घंटी वाजवून बघत होत्या. अण्णा शेजारी उभे राहून प्रत्येकीला माझं कौतुक सांगत होते आणि ते कौतुक खोटं नव्हतं, हाच तर वैताग. ट्रंकेत तळाशी त्यांनी किल्ली आणि साउंडर फडक्यात बांधून ठेवले होते, ते मला सासरी गेल्यावर सापडले.

सोयगावात माझं वाईट झालं नाही, उगीच रडगाणं गाणार नाही. नवरा सरळ माणूस. गावात रेडिओ आले आणि बिघडायला लागले, तेव्हा लोक ते माझ्याकडं आणायला लागले. पुढं टेलिफोन आले, टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले. माझंही एक टेबल झालं. लोक म्हणायचे, बाई वडलांवर गेली. मी हातातलं काम न थांबवता मान हलवायचे. रेडिओच्या एखाद्या कोपऱ्यात, दोन स्टेशनांच्या मधे, कधी कधी तारेच्या भाषेतला टिं-टिं आवाज लागायचा. मी कान लावायचे. मोजायचे. हरायचे आणि बटण फिरवायचे.

अण्णांशी मी बोलणं टाकलं नाही. सणाला जायचे, पाया पडायचे, त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचे. पण त्यांच्या टेबलाशी पुन्हा कधी बसले नाही. ते हातात एखादी वस्तू धरून म्हणायचे, "हे बघ तर जरा," आणि मी म्हणायचे, "मायला मदत करते." माफ मी त्यांना केलं नाही. त्यांनीही ते कधी मागितलं नाही. नाही म्हणणं जसं त्यांना जमलं नव्हतं, तसंच हेही जमत नव्हतं.

माय गेल्यावर ते माझ्याकडं राहायला आले. तोवर त्यांचे कान खरोखरच जड झाले होते. मी एका जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर आणि बोलायची डबी घेऊन त्यांना ऐकायचं यंत्र करून दिलं. ते दिवसभर ते कानाशी धरून बसायचे आणि पोरांच्या गोंगाटाला हसायचे.

एके दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ते माझ्या टेबलाशी बसले होते. कुठून तरी त्यांनी किल्ली आणि साउंडर शोधून काढले होते, सेल जोडला होता, मागं पत्र्याचा डबाही उभा केला होता. त्यांनी मला समोर बसायची खूण केली. इतक्या वर्षांनी मी बसले.

त्यांनी किल्लीवर बोट ठेवलं आणि वाजवायला सुरुवात केली. या खेपेला लांबवून नाही. सलग, गच्च, एका दमात, एक तारमास्तर दुसऱ्या तारमास्तराशी बोलतो तसं. त्यांचा असा हात मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. पहिल्या अक्षराला दोन निळ्या रेघा दिसल्या. त्या मी मोजल्या, 'म' आला, आणि मोजून वर बघेपर्यंत बाकीचं सगळं वाजून गेलं होतं. खूप काही होतं. वाजवता वाजवता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

ते थांबले. ऐकायचं यंत्र कानाशी धरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"कळलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी डबीत तोंड घालून मोठ्यानं म्हणाले.

त्यांचं बोट पुन्हा किल्लीकडं गेलं. आता ते सावकाश वाजवणार होते, एकेक खूण लांबवून, पूर्वीसारखं, मला मोजता यावं म्हणून. मी सेलची तार काढून घेतली.